थोडं सोसा : व्रणशोधनाच्या वेदनेचा एक अलक्षित इतिहास

पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे. मोसंबीच्या बाजारासाठी ते पंचक्रोशीबाहेरही ओळखले जाते आणि ग्रामीण आरोग्याच्या अभ्यासकांना ते 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड' या संस्थेमुळे परिचित आहे. आम्हा दोघांना मात्र पाचोड म्हटले की आठवतो तो एका आत्याबाईंचा पाय.

या आत्याबाई आमच्यापैकी एकाच्या. डाव्या घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, त्यांना शिरांचा व्रण झाला होता. रुपयाएवढी जखम वर्षभरात तळहाताएवढी झाली. आठवड्यातून दोनदा त्या भागातील एका दवाखान्यात त्यांना ड्रेसिंगसाठी न्यावे लागे. सुकून चिकटलेली पट्टी ओढून काढायची, साचलेला पिवळट थर चिमट्याने व कात्रीने खरवडायचा, औषधी पाण्याने धुऊन पुन्हा पट्टी बांधायची, असा तो पंधरा मिनिटांचा प्रकार. ड्रेसिंग करणारा मुलगा वाईट नव्हता. हाताने काम करीत तो एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणे, "थोडं सोसा आजी, आत्ता होतंय." आत्याबाई पदराचा बोळा दातांत धरून सोसत. सहाव्या-सातव्या खेपेनंतर मात्र त्या घरी म्हणाल्या, "जखमंनं मरन आलं तर येऊ द्या, पर त्या टेबलावर मी आता चढायची न्हाई." त्यानंतर दोन महिने त्या गेल्या नाहीत आणि जखम आणखी चरत गेली.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांकडे त्यांना नेले. त्यांनी चिमटा हाती घेण्यापूर्वी जखमेवर पांढऱ्या मलमाचा जाड थर दिला, वर पातळ प्लास्टिक लावले आणि सांगितले, "अर्धा तास बसू या." अर्ध्या तासाने जखम साफ होत असताना आत्याबाई डॉक्टरांशी मोसंबीच्या भावाविषयी बोलत होत्या. वेदना अजिबात झाली नाही असे नाही, पण पदर तोंडात घालावा लागला नाही. घरी येताना त्यांनी विचारले, "हे आवशीद आधी नव्हतं का?" प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर आहे. आम्ही वैद्यकाचे नव्हे, भाषेचे शिक्षक. त्यामुळे या उत्तराची सुरुवात शब्दांपासून होणे स्वाभाविक आहे.

*

'वेदना' हा शब्द 'विद्' या धातूपासून आला आहे. 'वेद', 'विद्या', 'विद्वान' हे त्याचेच सगोत्र शब्द. वेदना म्हणजे मुळात जाणणे. शरीराने स्वतःविषयी मिळवलेले ज्ञान. जखम साफ करण्याला आयुर्वेदाचा शब्द आहे 'व्रणशोधन' आणि ती भरून आणण्याला 'व्रणरोपण'. ज्या 'शुध्' धातूपासून हे शोधन आले, त्यापासूनच आपल्या विद्यापीठांतील 'संशोधन' आले. 'चिकित्सा' हा शब्दही वैद्याच्या आणि समीक्षकाच्या सामायिक मालकीचा आहे. पाठचिकित्सा करताना आपण हस्तलिखितावरचे प्रक्षेप खरवडतो, तेव्हा हस्तलिखित ओरडत नाही, एवढाच फरक.

वेदनेचे प्रकार सांगताना मराठी कधीच दरिद्री नसते. ठणका, कळ, सणक, तिडीक, ठसठस, चुरचुर, आग, बोच, खुपणे, सलणे. यांतील प्रत्येक शब्द वेगळी जात सांगतो. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली वेदना मोजण्यासाठी जी इंग्रजी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत वेदनेची ७८ विशेषणे वीस गटांत मांडलेली आहेत. आमच्या आजीच्या पिढीतील कोणाही बाईने त्या यादीशी सहज बरोबरी केली असती.

वेदना नाहीशी होण्याविषयी बोलायची वेळ आली की हीच भाषा अडखळते. 'बधिर' हा शब्द आपण कानाकडून उसना घेतला. बधिर झालेली त्वचा म्हणजे बहिरी त्वचा, जिला हाक ऐकू येत नाही. 'भूल' हा शब्द आपण विस्मरणाकडून आणि चकव्याकडून घेतला. म्हणजे वेदना न होणे ही स्थिती मराठीने एकतर व्यंग म्हणून ओळखली किंवा चूक म्हणून. याउलट 'सोसणे' हा गुण. 'सोशिक' हे विशेषण स्त्रीला लावले की ते प्रशस्तिपत्र होते. शब्दकोशातला हा कल दवाखान्याच्या टेबलापर्यंत पोचतो, असे आम्हाला वाटते. 'थोडं सोसा' असे म्हणणारा तो मुलगा केवळ धीर देत नव्हता. समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गौरवलेल्या गुणाची तो आजींना आठवण करून देत होता.

*

परंतु परंपरा एवढीच नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. सुश्रुतसंहितेने व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले आहेत. शस्त्रकर्मापूर्वी, ज्याला वेदना सहन होत नाही अशा मद्यपी रुग्णाला तीक्ष्ण मद्य द्यावे, असे तीत म्हटले आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, शस्त्राच्या घावाने उठलेली तीव्र वेदना ज्येष्ठमध घातलेल्या कोमट तुपाच्या सिंचनाने शमते, असेही सूत्रस्थानात सांगितलेले आहे. हे सिंचन थेट जखमेवर करायचे. रुग्णाने धैर्य धरावे असा उपदेश करून संहिताकार थांबले नाहीत. वेदनेवर त्यांनी जागच्या जागी इलाज शोधला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच धाग्याचे एक टोक अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात सापडते. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक व एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभार वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये या शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापून आला आणि युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीला त्याने चालना दिली. हा वृत्तांत वाचताना जाणवते की मेणाचा नमुना कसा करायचा, कातडी किती सोडवायची, काताचे लुकण लावलेल्या पट्ट्या किती दिवस ठेवायच्या, याचा तपशील आहे. कावसजीला काय वाटले, हे त्या वृत्तांताचा विषय नाही. तरी एक बारीक नोंद मोलाची आहे. चार दिवसांनी पट्ट्या काढल्यावर तुपात भिजवलेली फडकी लावायची. तुपातले फडके जखमेला चिकटत नाही आणि चिकटत नाही म्हणून काढताना मांस ओढत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी प्रचारात आली, तिचेही तत्त्व हेच. वेदनेविषयी एक शब्द न लिहिता वेदना टाळण्याची युक्ती अशी हातांतून हातांत चालत राहते.

बखरींकडे वळावे तर तेथेही हाच अनुभव येतो. अफझलखानाच्या प्रसंगानंतर जखमींना जखम पाहून होन दिल्याचे सभासदाने लिहिले आहे. जखमेचा हिशोब राजाने ठेवला, ही त्या काळी मोठीच गोष्ट. पण जखम झाल्यानंतरचे दिवस, रोजची पट्टी, रोजचे धुणे, हे कोणत्याच बखरीत येत नाही. घाव हा इतिहासाचा विषय ठरला. मलमपट्टी मात्र घराच्या आतल्या खोलीत राहिली.

*

आमच्या भागात पायाच्या जखमेचा आणखी एक जुना धनी होता, तो म्हणजे नारू. पायऱ्यांच्या बारवेतले पाणी पिण्यातून या कृमीचे बीज पोटात जाई. वर्षभराने पायावर फोड येऊन फुटे आणि त्यातून हातभर लांबीचा पांढरा दोऱ्यासारखा जंत डोके काढी. काडीला गुंडाळत तो रोज बोट-दोन बोटे ओढायचा, हाच उपचार. मध्येच तुटला तर पाय सुजून जखम चिघळे. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला, देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

नारूचा उल्लेख येथे करण्याचे कारण वेगळे आहे. फोड फुटताना पायाची विलक्षण आग होते. ती शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात घाली, म्हणजे बारवेच्याच पायरीवर बसे. पाण्याचा स्पर्श होताच जंत आपली लाखो पिले पाण्यात सोडी आणि तेच पाणी पुढे सारे गाव पिई. वेदनेवर उतारा शोधण्याची माणसाची साधी धडपडच रोगाचे वाहन झाली होती. यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. वेदना दुर्लक्षिली म्हणून ती गप्प बसत नाही. ती आपला उतारा स्वतः शोधते आणि तो बहुधा चुकीच्या ठिकाणी सापडतो. नारूच्या रुग्णाला तो बारवेत सापडला. आमच्या आत्याबाईंना तो दवाखान्यात न जाण्यात सापडला.

*

आता भुलेच्या इतिहासाकडे येऊ. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचा आणि १८४७ साली एडिंबरोत क्लोरोफॉर्मचा प्रयोग झाला आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरची किंकाळी थांबली. ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच राज्यात घडला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १९४८ पर्यंत पैठण तालुका हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, या प्रश्नाचा तिढा सोडवण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले ते हैदराबादेतच. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा पुढाकार आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा पैसा. दुसऱ्या आयोगासाठी 'लॅन्सेट' या नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या आणि जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांचे नावही याच पर्वाशी जोडलेले आहे. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तो पूर्ण खरा नव्हता. क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेत हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले.

या वादाच्या मुळाशी असलेली घटना आमच्या विषयाला अगदी लागून आहे. क्लोरोफॉर्मचा पहिला नोंदलेला बळी म्हणजे हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी. २८ जानेवारी १८४८ रोजी ती दगावली. तिच्यावर कोणतीही मोठी शस्त्रक्रिया होत नव्हती. पायाच्या बोटाचे नख काढायचे होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. भूल सापडली, पण तिची किंमत प्राणाएवढी असू शकत होती. पाय कापायचा असेल तर ही जोखीम परवडे. पट्टी बदलण्यासाठी, नखासाठी, व्रण खरवडण्यासाठी ती परवडण्यासारखी नव्हती. म्हणून मोठ्या वेदनेला उपाय मिळाला आणि लहान, रोजच्या वेदनेला 'सोसा' हाच उपाय उरला. त्या काळापुरता हा सल्ला निर्दय नव्हता, शहाणपणाचाच होता. काळ बदलल्यावरही तो तसाच राहिला, हे खरे दुखणे.

*

लहान वेदनेला लहान भूल हवी होती. फक्त त्या जागेपुरती. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला आणि स्थानिक भुलेचे युग सुरू झाले. १९४३ साली स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन तयार केले. १९४८ पासून ते 'झायलोकेन' या नावाने बाजारात आले. दात काढायला गेलेला आपला प्रत्येक वाचक त्याला भेटलेला असेल. परंतु त्यासाठी सुई टोचावी लागे आणि सुजलेल्या, हुळहुळ्या व्रणाभोवती सुया टोचणे म्हणजे वेदनेवर वेदना.

ही अडचण सुटली ती रसायनाच्या एका गमतीने. लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन्ही औषधे घनरूप. पहिले साधारण ६८ अंशांना वितळते, दुसरे ३७-३८ अंशांना. दोन्ही समप्रमाणात एकत्र केली की ते मिश्रण १८ अंशांनाच वितळते, म्हणजे खोलीच्या उष्णतेतच तेल होते. या तेलाच्या बारीक थेंबांचे मलम केले की औषध सुईवाचून आत शिरते आणि मज्जातंतूंतून निरोप नेणारे सोडियमचे दरवाजे काही काळ बंद करते. स्वीडनच्या आस्ट्रा कंपनीने १९८० नंतरच्या दशकात हे मलम 'एम्ला' या नावाने आणले. दोन्ही औषधे प्रत्येकी अडीच टक्के. आरंभी ते मुलांना सुई टोचण्यापूर्वी लावत. पुढे पायाच्या व्रणशोधनासाठीही वापरू लागले. व्रणाच्या दर दहा चौरस सेंटिमीटरला एक ते दोन ग्रॅम, एका वेळी दहा ग्रॅमहून अधिक नाही, वर प्लास्टिकचे आच्छादन आणि किमान अर्धा तास प्रतीक्षा, अशी त्याची रीत आहे.

त्याचा उपयोग होतो का, याचाही हिशोब झालेला आहे. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३४३ रुग्णांवरील सहा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर मलम लावलेल्यांची वेदना सरासरी वीस मिलिमीटरहून अधिक कमी नोंदली गेली. हा चमत्कार नव्हे. ते मलम जखम बरी करते असेही नाही. शिरांच्या व्रणावर मुख्य उपचार म्हणजे पायाला बांधायची दाबपट्टी. शिवाय उघड्या व्रणातून औषध लवकर रक्तात उतरते आणि अतिप्रमाणात प्रिलोकेन रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती बिघडवते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचे. हे सारे मान्य करूनही प्रश्न उरतो. चाळीस वर्षांपासून उपलब्ध असलेला हा दिलासा आमच्या आत्याबाईंपर्यंत यायला इतका वेळ का लागला? काही अंशी पैसा, काही अंशी माहितीचा अभाव, आणि गर्दीच्या दवाखान्यात अर्धा तास टेबल अडवून ठेवणे कोणाला परवडते? पण तेवढेच नाही. पट्टी काढण्यापूर्वी ती कोमट सलाइनने भिजवावी, रुग्णाने हात वर केला की थांबावे, यांना पैसाही लागत नाही. तेही होत नव्हते. वेदना हा उपचाराचाच भाग आहे, असे सर्वांनीच धरले होते; आत्याबाईंनीसुद्धा आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या आम्हीसुद्धा.

*

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. वेदना हे ज्ञान असेल, तर ती बधिर करणे म्हणजे ज्ञानाचा नाश नव्हे काय? या आक्षेपाला महाराष्ट्राच्या इतिहासात आधार आहे. कुष्ठरोगाचा 'बधिर चट्टा' गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या आरोग्यसूचनांतून आपल्या पिढीने वाचला. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. तेथे आलेल्यांच्या पायांना जखमा होत्या, पण त्या दुखत नव्हत्या आणि दुखत नव्हत्या म्हणूनच त्या खोल जात. वेल्लोरला १९४६ पासून काम करणारे पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे रोगाने आपोआप गळत नाहीत. वेदना नसल्यामुळे भाजणे, टोचणे, घासणे कळत नाही आणि अवयव झिजतो. वेदना ही देणगी आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले.

आम्हाला हा विचार खोडायचा नाही. त्याची मर्यादा तेवढी दाखवायची आहे. वेदना हा निरोप आहे. आत्याबाईंच्या घोट्याने तो केव्हाच दिला होता, डॉक्टरांपर्यंत तो पोचला होता, उपचार सुरू झाला होता. त्यानंतर चिमट्याखाली होणाऱ्या वेदनेत नवे ज्ञान कोणते? अर्ध्या तासाने लावलेली आणि दोन-तीन तासांत ओसरणारी बधिरता ही कुष्ठरोगाची कायमची बधिरता नव्हे. उलट ती नसल्यामुळेच रुग्ण उपचार सोडतो आणि जखम चरत जाते.

शेवटी आमच्या तालुक्याच्या संताकडे वळतो. एकनाथांच्या दोन आख्यायिका पैठणच्या मुलांना पाळण्यातच कळतात. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक उन्मत्त मनुष्य थुंकला. नाथ पुन्हा स्नानाला गेले, तो पुन्हा थुंकला, असे एकशे आठ वेळा झाले आणि नाथांची शांती ढळली नाही. दुसऱ्या कथेत रामेश्वराला न्यायची गंगेची कावड खांद्यावर असताना वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव त्यांना दिसले आणि ती कावड त्यांनी त्याच्या तोंडात रिती केली. वर्गात आपण पहिली कथा सोशिकतेचा धडा म्हणून सांगतो आणि दुसरी भूतदयेचा धडा म्हणून. दोन्ही एकत्र वाचल्या तर निराळाच अर्थ लागतो. नाथांनी जे सोसले ते स्वतःचे होते. गाढवाला त्यांनी 'थोडे सोस, रामेश्वर जवळ आले' असे सांगितले नाही. सोसणे हा गुण असेलही, पण तो स्वतःपुरता. दुसऱ्याला सोसायला सांगण्याचा अधिकार, हाताशी पाणी असताना, नाथांनाही नव्हता.

आत्याबाईंची जखम पुढे दाबपट्टीने हळूहळू भरून आली. तिच्या जागी आता काळसर, चकचकीत कातडी आहे. त्या अजूनही विचारतात, "आधी का न्हाई लावलं?" आम्ही त्यांना सुश्रुताचे तूप, हैदराबादचा क्लोरोफॉर्म आणि स्वीडनचे मलम यांची हकिगत सांगून पाहिली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हंजी कुनी इचारलंच न्हाई." त्यांचे म्हणणे बरोबर आहे. विचारायला हवे होते ते आम्ही. आपल्यापैकी कोणी उद्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन जाईल, तेव्हा चिमटा उचलण्यापूर्वी एवढेच विचारावे : दुखू नये म्हणून आधी काही करता येईल का?